उतारशाळेचा रक्षक

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूच्या जखमा त्याने बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, एवढे आपल्या चांगले स्मरणात असते. परंतु दुसऱ्या दिवशी तो शोमरोनी आपल्या वाटेने निघून गेला आणि जाताना दोन दीनार देऊन त्याने त्या जखमी माणसाला उतारशाळेच्या रक्षकाच्या स्वाधीन केले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पुढची सारी शुश्रूषा त्या रक्षकाने करावयाची होती. त्याच्यावर मात्र प्रवचने होत नाहीत.

हा विचार मनात येण्यास कारण आहे. वैद्यकाचे वा परिचर्येचे शिक्षण पूर्ण केलेली आमची काही मुलेमुली विचारतात, सहा महिने, वर्षभर आफ्रिकेतील एखाद्या गरीब रुग्णालयात जाऊन विनावेतन सेवा करावी काय? ही इच्छा उदात्त आहे आणि तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि उदात्त इच्छेलाही काही प्रश्न विचारावे लागतात. तेथे जाऊन आपण काय देणार, हा पहिला प्रश्न. आपण परतल्यावर तेथे काय उरणार, हा दुसरा. आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा.

उत्तर युगांडातील गुलू शहराजवळ लाचोर येथे सेंट मेरीज रुग्णालय आहे. कॉम्बोनी मिशनऱ्यांनी ते 1959 साली सुरू केले. 1961 साली पिएरो कोर्ती हे इटालियन बालरोगतज्ज्ञ तेथे गेले. शस्त्रक्रियेचे काम सुरू करून देण्यासाठी त्यांनी कॅनडातील मॉन्ट्रियलच्या डॉ. लुसिल टीसडेल यांना बोलावले. त्या आल्या होत्या अवघ्या दोन महिन्यांसाठी. त्याच वर्षाच्या अखेरीस रुग्णालयाच्या छोट्या प्रार्थनामंदिरात दोघांचा विवाह झाला आणि लुसिलबाईंनी उरलेले सारे आयुष्य लाचोरला दिले. सकाळी रुग्ण तपासावयाचे, दुपारनंतर शस्त्रक्रिया करावयाच्या, असा त्यांचा क्रम होता. पुढे युद्धाच्या वर्षांत जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना हाडांच्या अणकुचीदार तुकड्यांनी हातमोजे फाटत, बोटे कापली जात. त्यातून त्यांना एचआयव्हीची बाधा झाली. 1985 साली निदान झाले. त्यानंतरही त्या अनेक वर्षे काम करीत राहिल्या आणि 1996 साली निवर्तल्या.

असा त्याग पाहून मस्तक नम्र होते. परंतु केवळ त्यागावर दृष्टी खिळली, तर या दांपत्याचे दुसरे मोठे कार्य नजरेतून सुटते. त्यांनी तेथील माणसे घडविली. परिचारिकांसाठी शाळा चालविली, युगांडातील तरुण डॉक्टरांना शिकविले. 1983 साली मॅथ्यू लुक्विया हा त्याच भागातील तरुण डॉक्टर तेथे उमेदवारीसाठी आला आणि पुढे रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक झाला. 1989 च्या शुभ शुक्रवारी बंडखोर रुग्णालयातील जोगिणींना पळवून नेण्यास आले, तेव्हा त्यांच्याऐवजी तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला. सुदैवाने काही दिवसांनी तो सुखरूप परतला.

सन 2000 मध्ये गुलू भागात इबोलाची साथ आली. डॉ. लुक्विया तेव्हा कंपालात पुढील शिक्षण घेत होते. रुग्णालयातील परिचर्येचे विद्यार्थी अनाकलनीय तापाने दगावत असल्याचा निरोप येताच ते परतले, रोग ओळखला आणि वेगळा कक्ष चालविला. त्या साथीत 224 जण मरण पावले. रुग्णालयाच्या सेवकवर्गातील अनेक जण त्यांत होते, आणि 5 डिसेंबर रोजी स्वतः डॉ. लुक्वियाही गेले. लुसिलबाईंना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. त्यांच्यामागे उतारशाळेला रक्षक होते आणि त्यांनी उतारशाळा सोडली नाही.

बाहेरून गेलेल्या स्वयंसेवकाजवळ परतीचे तिकीट असते. तेथल्या परिचारिकेजवळ ते नसते. हा भेद ओळखणे ही सेवेतील पहिली नम्रता होय. आपल्या देशात ज्याला एकट्याने शस्त्रक्रिया करण्याची अनुज्ञा नाही, त्याने ती परदेशातील गरिबावर करू नये. गरिबाचे शरीर ही सरावाची पाटी नव्हे. ज्याने पोट उघडले, तो आठवड्याने विमानात बसला, तर टाके कोण काढणार? जखमेत पू झाला, तर रात्री कोण उठणार? रुग्णाची भाषासुद्धा आपल्याला तेथल्याच माणसाकडून समजून घ्यावी लागते. मग शहाणा कोण आणि शिकाऊ कोण?

यावर कोणी म्हणेल, डोळ्यांदेखत मूल तडफडत असता उद्याचा हिशेब कसला? हे अगदी खरे आहे. शोमरोन्यानेही रक्षकाची वाट न पाहता प्रथम जखमा बांधल्या. आजच्या दुःखाचा हक्क आजच पुरा करावा लागतो. परंतु त्याने तेथेच थांबून स्वतःला अपरिहार्य करून घेतले नाही. त्याने दुसऱ्यावर विश्वास टाकला, त्याच्या हाती साधन दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत आल्यावर फेडीन, अशी हमी दिली. विश्वास, साधन आणि हमी यांवाचून केलेली सेवा बहुधा करणाऱ्याच्याच समाधानासाठी असते.

म्हणून ज्या मुलामुलींना जावेसे वाटते, त्यांनी जरूर जावे; आईवडिलांनीही त्यांना अडवू नये. मात्र निघण्यापूर्वी तेथल्या लोकांना पत्र लिहून विचारावे, तुम्हांला कशाची गरज आहे? त्यांनी शस्त्रक्रियेऐवजी रक्ततपासणी शिकविणारा माणूस मागितला, तर तेच काम आनंदाने पत्करावे. आणि परतल्यावर नातलगांना तेथील हकीकत सांगताना ज्या परिचारिकेने आपल्याला हात धरून शिकविले, तिचे नाव आपल्या नावाआधी घ्यावे.