परसांतील खतखड्डा

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत प्रभूनें अंजिराच्या झाडाचा दृष्टांत सांगितला आहे. तीन वर्षें फळ न आल्यामुळें धनी तें तोडावयास सांगतो. परंतु माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, आणि झाडाभोंवतीं खणून खत घालण्याचें पत्करतो. त्याची दया केवळ शब्दांत नव्हती, ती कुदळींत व खतांत होती, हें ध्यानांत धरा.

आपल्या परसांत मात्र पालापाचोळा जाळला जातो. धुरानें लेंकरांचे डोळे चुरचुरतात, आणि जमिनीचें अन्न धुरावाटे उडून जातें. त्यापेक्षां फावल्या वेळीं एक लहानसा खड्डा करावा. त्यांत पाला, भाजीचे देठ व थोडें शेण यांचे थर द्यावे. ओल राखावी, पण पाणी तुंबूं देऊं नये. वारा लागावा म्हणून अधूनमधून वरखालीं करावें. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ पर्यंत अशाच रीतीचे प्रयोग केले. सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत होतें. तें वांग्या-मिरचीच्या आळ्यांत घालावें.

पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले. ज्याच्या हातीं एवढी विपुलता, त्यानें तुकडाहि वायां जाऊं दिला नाहीं. मग आपण ओंजळभर पाला कां जाळावा?

आणि मंडळींतील ज्या बंधूविषयीं आपण निराश झालों आहों, त्याच्यासाठींहि आणखी एक वर्ष मागून घेण्याचा धीर हा खड्डा आपणांस शिकवो. आमेन.