मोर्चाचं तोंड कुणाकडे?

मोर्चा निघाला की त्याचं तोंड कुणाकडे आहे, ते आधी पाहावं. मंत्रालयाकडे, महापालिकेकडे, कलेक्टर कचेरीकडे असेल तर जाब सत्तेला विचारला जातोय. शेजाऱ्याच्या दाराकडे असेल तर ती धमकी. पोलिसांकडच्या परवानगीच्या अर्जात मात्र दोन्ही सारखेच दिसतात: मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, लाउडस्पीकर.

२१ जानेवारी २०२४. अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेची आदली रात्र. भगवे झेंडे लावलेल्या गाड्या मीरा रोडच्या मुस्लिमबहुल नया नगरमधून गेल्या, बाचाबाची झाली, गाड्यांवर हल्ला झाला. हल्लेखोरांना पकडणं हे पोलिसांचं काम होतंच. पण त्यानंतर मुसलमानांची दुकानं फुटली आणि २३ तारखेला महापालिकेचा बुलडोझर नया नगरात आला. कारण सांगितलं गेलं अनधिकृत बांधकामाचं. (मीरा-भाईंदरमध्ये अनधिकृत बांधकाम फक्त नया नगरात आहे, असं कुणी शपथेवर सांगेल का?)

महिन्याभराने, २५ फेब्रुवारीला, तेलंगणाचे तेव्हाचे भाजप आमदार टी. राजासिंह यांची मीरा रोडला सभा झाली. पोलिसांनी नाकारलेली परवानगी उच्च न्यायालयाने अटी घालून दिली. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. बोलण्याआधीच तोंड बंद करण्याचा अधिकार पोलिसांना दिला की तो उद्या कुणावरही वापरला जातो. जुलै २०२५ मध्ये याच शहरात मराठीसाठीच्या मोर्चाला परवानगी नाकारली, कार्यकर्त्यांची धरपकड झाली, आणि लोक अधिकच चिडून रस्त्यावर आले. त्या गर्दीतल्या काहींचं तोंड सरकारकडे होतं, काहींचं अमराठी दुकानदारांकडे, हेही खरं.

म्हणजे बोलू द्यावं, आणि बोलल्यावर कायदा चालवावा. घोडं अडतं ते इथेच. राजासिंह, भाजप आमदार नितेश राणे आणि मीरा-भाईंदरच्या तेव्हाच्या आमदार गीता जैन यांच्या भाषणांचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने पोलीस आयुक्तांना ती भाषणं स्वतः तपासायला सांगितली. गुन्हे नोंदले गेले, पण धार्मिक भावना दुखावण्याचं २९५अ कलम लागत नाही, अशी भूमिका सरकारपक्षाने घेतली. राण्यांचा रोख रोहिंग्या आणि बांगलादेशींवर होता म्हणे. नया नगरात पिढी काढलेल्या माणसाला तो रोख कुणावर आहे हे कळायला वकील लागत नाही. रोख कुणावर, हीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावायला हवी. ‘सर तन से जुदा’ ही घोषणा श्रद्धेच्या नावाने दिली, तरी ती एका जिवंत माणसाच्या मानेकडे बोट दाखवते.

कायद्यात कलमांची वाण नाही. दोन समाजांत वैर पसरवण्याचं १५३अ १८९८ चं, २९५अ १९२७ चं. आता भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे बदललेत एवढंच. तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना लागू केला. पण गुन्हा नोंदवणं वेगळं आणि खटला चालणं वेगळं. या कलमांखालच्या खटल्याची दखल न्यायालयाने घ्यायची तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. वक्ता सत्ताधारी पक्षाचा असला की ही मंजुरी त्याच्याच माणसांच्या टेबलावर जाते. राणे डिसेंबर २०२४ मध्ये मंत्री झाले. सभांवर बंदी मागण्यापेक्षा हा मंजुरीचा अधिकार गृहखात्याच्या हातून काढून घ्या, अशी मागणी घेऊन एखादा मोर्चा मंत्रालयावर निघायला हवा. त्यात नया नगरातले लोक असावेत आणि नया नगराबाहेरचेही.