सही, राजीनामा आणि सत्त्व

‘तत्त्व’ हा शब्द आपल्या महाविद्यालयांच्या कार्यालयीन पत्रव्यवहारात प्रामुख्याने दोन ठिकाणी आढळतो : ‘तासिका तत्त्वावर’ आणि ‘अनुकंपा तत्त्वावर’. पहिल्या प्रयोगात तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनाची व्यवस्था आहे, दुसऱ्यात दिवंगत कर्मचाऱ्याच्या वारसाची. ज्या शब्दाने आपण सांख्यांची पंचवीस तत्त्वे शिकवतो, आगरकरांच्या निबंधांची थोरवी वर्णन करतो, त्याच शब्दाला आवक-जावक नोंदवहीत ‘पद्धत’ एवढाच अर्थ उरतो. ही केवळ गंमत नव्हे. ज्या संस्थांत आपण आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे घालवतो, तिथे तत्त्वाला प्रत्यक्षात कोणती जागा असते, हा प्रश्न त्या दोन प्रयोगांनी नकळत विचारून ठेवलेला आहे.

मराठीत या आशयाचे जुने शब्द वेगळे आहेत. ‘ब्रीद’ आणि ‘बाणा’ या दोहोंत प्रदर्शनाचा अंश आहे. ब्रीदाचा तोडर पायात मिरवायचा, बाणा अंगावर वागवायचा. चारचौघांना दिसल्याखेरीज त्यांना पूर्णता नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वचन याच वळणाचे आहे आणि मराठी मनाला त्याचा असलेला मोह सर्वपरिचित आहे. त्याच्या उत्तरादाखल तुकोबांचा लव्हाळा पुढे करण्याचीही आपल्याकडे रीत आहे, आणि ती बहुतेकदा जो वाकून मोकळा झाला आहे त्याच्याकडूनच पाळली जाते. (तुकोबांना त्या अभंगात अभिप्रेत असलेली नम्रता आणि वेतनवाढीपायी पत्करलेले मौन यांत काही अंतर आहे, हे सांगायला हवे काय?) ‘सत्त्व’ हा शब्द मात्र निराळा. सत्त्व मिरवता येत नाही. त्याची परीक्षाच व्हावी लागते.

पण सत्त्वपरीक्षेच्या ज्या कथा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्या जरा थांबून वाचल्या की अस्वस्थ व्हायला होते. हरिश्चंद्राने शब्द पाळला. विकली गेली तारामती आणि तिच्यासह रोहिदास. श्रियाळाच्या घरी अतिथी विन्मुख गेला नाही. उखळात कांडला गेला तो चिलया आणि कांडण्याचे काम आले चांगुणेकडे. कथेच्या शेवटी देव प्रसन्न होतो, मूल परत मिळते आणि हिशेब पुरा झाला असे मानले जाते. ही देवकृपा वजा केली तर उरते ते एवढेच : सत्त्व एकाचे, किंमत दुसऱ्याची. तत्त्वनिष्ठेच्या चर्चेत आपण ‘किती किंमत मोजली’ असे कौतुकाने विचारतो. ‘कोणी मोजली’ हे क्वचितच.

हा प्रश्न मनात ठेवून 1887 ते 1890 या काळातील आगरकरांकडे पाहावे. 1887 मध्ये त्यांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील आजीव सदस्यांचा वाद विकोपाला गेला. संस्थेबाहेर काम करावे की नाही, अन्य उत्पन्न घ्यावे की नाही, त्यागाच्या मूळ कल्पनेशी कोण इमान राखतो आहे, असे त्या वादाचे स्वरूप होते. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारणे हे त्याला अखेरचे निमित्त झाले. टिळक बाहेर पडले. आगरकर राहिले, 1892 मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि 1895 मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, गेले.

आपल्या चरित्रवाङ्मयात या वादाचे निवाडे पुष्कळ झाले आहेत आणि ते बहुधा निवाडा देणाऱ्याच्या पक्षानुसार लागतात. मला कुतूहल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. एकच माणूस तीन वर्षांच्या अंतराने एका संस्थेतून बाहेर पडतो आणि दुसरीत राहतो. आणि दोन्ही वेळा आपण त्याला तत्त्वनिष्ठच म्हणतो. तेव्हा तत्त्वनिष्ठा ही राहण्यात नाही आणि सोडण्यातही नाही हे उघड आहे. मग ती कशात आहे? माझ्या मते ‘केसरी’त प्रश्न त्यांच्या वाक्याचा होता. संपादक ज्या पत्राचा, त्याच्या स्तंभांतून स्वतःला असत्य वाटणारे मत जावे, किंवा सत्य वाटणारे मत अडवले जावे, हे त्यांच्या लेखणीच्या मुळावर येणारे होते. सोसायटीत मतभेद तीव्र असले, मने दुखावलेली असली, तरी वर्गात उभे राहून ते जे शिकवत होते त्यात त्यांना खोटे बोलावे लागत नव्हते. संस्था मला न आवडणारे काही करते, हे एक. संस्था माझ्या हाताने खोटे लिहवून घेते, हे दुसरे. पहिल्यात वाद घालता येतो, अल्पमतात राहता येते, कुढताही येते. दुसऱ्यात नकाराखेरीज मार्ग नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे. 1921 पासून ते मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवीत होते. 1925 मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदावर पाणी सोडावे लागले, कारण हा प्रचार आणि ती नोकरी एकत्र नांदू शकत नाहीत अशी व्यवस्थापनाची भूमिका होती. गणिताच्या तासाला त्यांच्याकडून कोणी असत्य वदवून घेत नव्हते. मागितले जात होते ते महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचे मौन, म्हणजे नागरिक म्हणून असलेला त्यांचा आवाज. 1927 मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. खटले झाले, दंड झाले, 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि तरीही दंड झालाच. या सगळ्याची झळ मालतीबाईंच्या संसारालाही लागली. तथापि तारामतीत आणि त्यांच्यात मोठा फरक असा की या कार्यात त्या स्वतः सहभागी होत्या. किंमत वाटून घेणे आणि किंमत दुसऱ्यावर पडणे या नैतिकदृष्ट्या एक गोष्टी नव्हेत.

‘माझ्या हाताने खोटे लिहिले जाता कामा नये’ ही कसोटी सुटसुटीत दिसते. तिच्यावरचा सर्वांत बोचरा आक्षेप बर्नार्ड विल्यम्स यांनी 1973 मध्ये रचलेल्या एका उदाहरणात आहे, जरी ते उदाहरण त्यांनी रचले ते नेमके उलट हेतूने. जॉर्ज हा बेकार रसायनशास्त्रज्ञ आहे; प्रकृती तोळामासा, घरी पत्नी आणि लहान मुले. त्याला रासायनिक व जैविक युद्धसामग्रीच्या प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली जाते. असल्या संशोधनाला त्याचा विरोध आहे. पण त्याने नाकारली तर ती जागा ज्याला मिळेल तो हेच काम दुप्पट उत्साहाने करील. उपयुक्ततावादी गणित सांगते, जॉर्जने नोकरी घ्यावी. विल्यम्स म्हणतात, या गणितात माणूस आपल्या निष्ठांपासून तोडला जातो; त्याचे कृत्य त्याचे राहत नाही. अनेक वर्षे मी हे उदाहरण पदव्युत्तर वर्गात विल्यम्स यांच्या बाजूने सांगत आलो. ते तितक्या खात्रीने सांगणे मला आता जमत नाही.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार होती. मराठी वाङ्मय मंडळाचा समन्वयक मी होतो आणि मंडळाच्या मागील चार वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते हवी होती. बैठका झालेल्या नव्हत्या. एका रात्रीत इतिवृत्ते तयार झाली. ठराव, सूचक, अनुमोदक, चहापानानंतर सभा बरखास्त, सर्व काही यथास्थित. (कल्पित गद्याचा नमुना म्हणून त्यांचा अभ्यास व्हायला हरकत नाही.) प्राचार्य सौजन्याने म्हणाले, “सर, घरचंच काम आहे, फक्त सही.” मी नकार दिला. कोणी आवाज चढवला नाही. माझी वेतनवाढ अडली नाही. कायम नोकरीतल्या माणसाचा नकार हा इतका स्वस्त असतो. दुसऱ्या दिवशी नोंदवहीवर समन्वयक म्हणून विभागातल्या तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याची सही होती. तो सेट झालेला, पीएच.डी. झालेला, सहा वर्षे दर जूनला पुन्हा मुलाखत देणारा. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, तुमचं बरोबरच होतं. पण तुम्ही केली असतीत, तर मला करावी लागली नसती.”

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती आणि म्हणून मला उत्तर सुचले नाही. मी न पाठवलेला चिलया तिथे उभा होता. सही करायला हवी होती असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. परंतु नकार देताना मी एक प्रश्न विचारला नव्हता : मग सही कोण करणार? आणि मी काही लिहून दिले नव्हते. टिळकांनी सोसायटी सोडताना दीर्घ निवेदन लिहिले. आंबेडकरांना 1951 मध्ये मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन सभागृहात वाचता आले नाही, तेव्हा त्यांनी ते वृत्तपत्रांकडे दिले. राजीनामापत्र हा खरे तर आपल्या गद्याचा एक उपेक्षित प्रकार आहे. त्यात नकाराला कारणे द्यावी लागतात, म्हणजे नकार दुसऱ्याला वाचता येतो, त्याचा आधार घेता येतो. माझा नकार तोंडी होता. ‘या बैठका झालेल्या नाहीत’ एवढे एक वाक्य मी टिपणीत लिहिले असते तर दुसऱ्या कोणाला तिथे सही करायला सांगणे तितके सोपे झाले नसते. मी माझा हात काढून घेतला. कागदावरची जागा रिकामी राहिली आणि रिकाम्या जागेला संस्था नेहमीच सर्वांत दुबळा माणूस शोधते.

राजीनामा हाही अखेर बसायला जागा मिळालेल्यांचाच अधिकार आहे. 1917 मध्ये बडोद्यात आंबेडकरांना नोकरी होती, पण राहायला छप्पर मिळेना; ती नोकरी त्यांना सोडावी लागली ती कोणत्याही तत्त्वासाठी नव्हे, दुसऱ्यांच्या ‘तत्त्वां’मुळे. 1951 चा राजीनामा या पार्श्वभूमीवर वाचला की त्याचे वजन वेगळे जाणवते.

नेमाडे यांच्या चांगदेव पाटीलकडे मी अलीकडे याच दृष्टीने पुन्हा वळलो. ‘बिढार’ (1975) पासून ‘झूल’ (1979) पर्यंतच्या या अध्यापकाला आपल्या समीक्षेने परात्मता, अस्तित्ववाद, देशीयता अशा अनेक चौकटींत बसवून पाहिले. तो गावोगावची महाविद्यालये सोडत जातो, पण त्याच्या सोडण्याला निवेदनाचा रुबाब नाही; तो हुतात्मा होत नाही. मला वाटते, त्या कादंबऱ्यांचे नैतिक धैर्य या रुबाबाच्या अभावातच आहे. तरी एक शंका राहते. चांगदेव एकटा आहे. त्याचे बिढार एका माणसाला उचलता येण्याजोगे आहे. तो गेल्यावर त्याच्या वर्गावर कोण उभे राहिले, कोणत्या मानधनावर, हे कादंबरी सांगत नाही. तिचा तो विषयही नाही. पण आज तो वाचकाचा विषय होऊ शकतो.

गेल्या वर्षी तो सहकारी अनुभवाचा दाखला मागायला आला. दुसऱ्या जिल्ह्यात पूर्णवेळ जागेची मुलाखत होती. मजकूर त्यानेच टंकून आणला होता : वर्षे, तासिका, शिकवलेल्या अभ्यासपत्रिका आणि शेवटी, ‘समन्वयक, मराठी वाङ्मय मंडळ, चार वर्षे’. नोंदवहीत तसेच होते. सही त्याचीच होती. विभागप्रमुखाच्या जागी आता माझे नाव छापलेले होते. मी त्या ओळीवर पेन ठेवून बराच वेळ बसलो. तो खिडकीबाहेर पाहत होता. मग मी सही केली, आणि शाई वाळेपर्यंत तो कागद त्याने दोन्ही हातांनी आडवा धरून ठेवला.