हवालदाराच्या हवाली

हुकूम वरून आला, तर गोळीचं पाप कोणाच्या माथी? जनरलला हा प्रश्न फारसा छळत नाही, कारण बंदूक त्याच्या हातात नसते. शिपाई म्हणतो, हुकूम माझा नव्हता. प्रश्न अडतो तो मध्ये, बाहीवर दोन-तीन फिती असलेल्या नाईक-हवालदारापाशी. साहेबाचा शब्द पलटणीत उतरतो तो त्यांच्या तोंडून, गावच्या बोलीत. शिवकाळातल्या पायदळातही पाइकांवर नाईक आणि नाइकांवर हवालदार अशीच उतरंड होती. हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काही केलं आहे तो. माझ्या मते त्याच्या हवाली नुसता हुकूम नसतो, माणसं असतात. त्यांच्या हातून काय घडतं, याचा हिशेबही मग त्याच्याकडेच येतो.

एप्रिल 1930. पेशावरच्या किस्साखानी बाजारात कायदेभंगाची गर्दी, समोर रॉयल गढवाल रायफल्स. शिपाई हिंदू, जमाव पठाण मुसलमान. सरकारचं गणित उघड होतं. हवालदार चंद्रसिंह गढवालींनी ते चुकवलं. नि:शस्त्र लोकांवर त्यांच्या माणसांनी गोळी झाडली नाही. याला भित्रेपणा म्हणायची सोय नाही: याच रेजिमेंटच्या नाईक दरवानसिंग नेगींना 1914 मध्ये फ्रान्सच्या खंदकांतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, आणि चंद्रसिंह स्वतः पहिलं महायुद्ध लढून आले होते. कोर्ट मार्शलने त्यांना जन्मठेप दिली. सुटका झाली ती 1941 मध्ये.

सगळ्यात टोकदार आक्षेप इंग्रजांचा नव्हे, गांधीजींचा. 1932 मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत त्यांनी एका फ्रेंच पत्रकाराला सांगितलं की गोळी झाडायला नकार देणारा शिपाई घेतलेली शपथ मोडतो. आज मी त्याला हे शिकवलं, तर उद्या माझ्या राज्यातही तो तेच करील. अहिंसेच्या उपासकाने असं म्हणावं याचं नवल वाटतं खरं, पण युक्तिवाद पोकळ नाही: आधी नोकरी सोड, मग नकार दे. मात्र बंदुका रोखलेल्या असताना राजीनामा लिहायला कोण बसणार? शिवाय शपथ पाळली की माणूस सुटला, हे महाभारतालाही मान्य नाही. भीष्मांचं व्रत अभंग राहिलं आणि भर सभेत द्रौपदी एकटी पडली. विकर्ण तिथे बोलला, पण पुढे लढला कौरवांकडूनच, आणि भीमाच्या हातून मेला. चंद्रसिंह त्याच्या एक पाऊल पुढे गेले.

मग शिपाई प्रत्येक हुकूम तोलत बसला तर ती पलटण कसली, असं कोणी विचारील. पण गढवाली प्रत्येक हुकूम तोलत नव्हते. खंदकात त्यांनी वाद घातला नाही, घातला तो बाजारात. स्वतंत्र भारताच्या 1950 च्या सैन्य कायद्यातही अवज्ञेची शिक्षा आहे ती ‘कायदेशीर’ हुकूम मोडल्याबद्दल. गांधीजींची भीती त्या एका विशेषणाने मिटत नाही, हे कबूल. हुकूम कायदेशीर होता की नाही हे ठरवायला कोर्टाला महिने मिळतात. हवालदाराला मिळतो तो हुकूम कानावर पडल्यापासून शिपायाचं बोट चापावर जाईपर्यंतचा वेळ.