खेळ आणि ओझे

"लेकरू खेळण्यात दिवस दवडते, पाटी घेऊन बसेल तर शहाणे होईल," असे कर्जत-खालापुराकडील पुष्कळ आईबाप म्हणतात. परंतु शरीर बांधून ठेविल्याने बुद्धी मोकळी होते काय? धावताना, चढताना मूल अंतर मापते, धोका ओळखते, आपली पाळी येईतो थांबावयास शिकते. हीही विद्याच होय. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून निदान १८० मिनिटे हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभिले, आणि पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली.

कोणी विचारील, वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या कातकरी मुलाचे अंग हालत नाही काय? हालते, परंतु ते दुसऱ्याच्या गरजेने हालते, व त्यात नवे शोधून पाहण्यास अवकाश नसतो. उपाशी मूल तर खेळूही शकत नाही. म्हणून, बंधुभगिनींनो, आधी अन्न, मग अंगण, मग पाटी, हा क्रम आपण मोडू नये. आणि शेजाऱ्याचे लेकरू भट्टीवर असता, आपले अंगणात खेळते एवढ्यावर समाधान मानावे काय, हेही आपण आपल्या मनास विचारावे.