ऐकू आल्यासारखे करणे

उपासना संपल्यावर मंदिराच्या दारात एका वृद्ध भगिनीने माझा हात धरून प्रार्थनेची विनंती केली. मागे मुलांचा गलका, रस्त्यावर मोटारी. 'मुलगा' एवढाच शब्द मला कळला. मी मान डोलावून म्हणालो, "होय आजी, अवश्य प्रार्थना करीन." रात्री गुडघे टेकले तेव्हा ध्यानात आले की, देवाजवळ काय मागावे हेच मला ठाऊक नाही. मी त्या माउलीशी खोटे बोललो होतो काय?

बंधुभगिनींनो, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. लबाडी करण्याचा माझा हेतू नव्हता. पुन्हा विचारणे अवघड वाटले, इतकेच. पण 'इतकेच' या शब्दाखाली आपण काय काय झाकतो!

खुणा आधीपासून होत्या. टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवता, असे पत्नी म्हणे. मी म्हणे, हल्ली माणसेच तोंडातल्या तोंडात बोलतात. आमच्या बेळगावकडे मराठीत कानडी मिसळलेली. शब्द निसटला की तो कानडी असावा अशी मी समजूत घालून घेई. वयाबरोबर येणारा बहिरेपणा असाच दबक्या पावलांनी येतो. आतल्या कानातील सूक्ष्म रोमपेशी झिजतात व पुन्हा उगवत नाहीत. प्रथम उंच स्वर जातात. स, श, फ, थ ही अक्षरे गळतात, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. स्त्रियांचे व मुलांचे बोलणे आधी चुकते, आणि गर्दीत तर फारच.

हे लपवण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. संगीतकार बेथोव्हेनने 1801 साली एका मित्राला कळवले की, नाटकगृहात दूर बसल्यास वाद्यांचे व गायकांचे उंच स्वर त्याला ऐकू येत नाहीत. मी बहिरा आहे असे लोकांना सांगवेना, म्हणून तो माणसांतच जाईना. 1802 साली भावांसाठी लिहिलेले त्याचे व्यथापत्र 1827 साली तो वारल्यावर कागदांत सापडले. याउलट शास्त्रातला ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय पाहा. दाविदाने यरुशलेमेस येण्याचे आमंत्रण दिले, तेव्हा गाणाऱ्यांचे सूर आता आपल्याला ऐकू येतात थोडेच, असे तो राजाला सरळ सांगतो. त्यात त्याचा काही कमीपणा झाला नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांशी मला वेगळे बोलायचे आहे, कारण तेथला माझा अपराध मोठा आहे. लक्ष देत नाही म्हणून एका मुलाला मी कोपऱ्यात उभे केले होते. त्याचा कान वाहतो, हे पुढे त्याच्या आईकडून कळले. बहिऱ्याला शाप देऊ नये असे नियमशास्त्र सांगते. आपण शाप देत नाही, 'ढ' म्हणतो. जो मुलगा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावतो, एकच कान पुढे करतो, विचारले एक तर उत्तर दुसरेच देतो, त्याला शिक्षा करण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. कानातला मळ, वाहणारा कान, सर्दीने आत साचलेले पाणी यांवर उपाय आहेत. आणि लहान असो वा थोर, एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले तर आठवडा जाऊ देऊ नये. लगेच डॉक्टर गाठावा.

दकापलीस प्रांतात प्रभूने बहिऱ्या माणसाला लोकसमुदायातून बाजूला नेले. त्याला शब्द पोहोचणार नव्हते, म्हणून की काय, त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श केला. पंचकमिटीच्या बैठकीत एखाद्या वडिलांना "अहो, ऐकू येत नाही का?" असे ओरडून विचारणारे आपण या 'बाजूला' शब्दावर कधी थांबतो का? माझ्या पत्नीने मला स्वयंपाकघरात, मुले झोपल्यावर सांगितले. तरीही मी दोन दिवस रुसून होतो!

तपासणीत दोन्ही कानांत उंच स्वरांची घट निघाली. डावा कान अधिक मंद. पुढच्या रविवारी मी आजींच्या घरी गेलो आणि त्या दिवशी मला काही ऐकू आले नव्हते हे कबूल केले. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही काय उत्तर दिलंत ते मलाही नव्हतं कळलं." मग माझ्या उजव्या बाजूस सरकून बसल्या आणि मुलाची हकीगत त्यांनी पहिल्यापासून सांगितली.