गाडी थांबल्यावर

गाडी थांबली आहे.

इंजिन बंद. दिवे बंद. हँडब्रेक ओढलेला.

लगेच उठू नका. बसा जरा.

आष्टा मागे पडलं, सांगली अजून पुढे आहे. रस्त्यापासून थोडं आत, ओळखीच्या आवारात, लिंबाखाली कॅराव्हॅन उभी आहे. आतला एक छोटा दिवा पुरे. मोबाइल पालथा ठेवा.

आता एक तांब्या पाण्याने भरा आणि समोरच्या फळीवर ठेवा. पिऊ नका अजून. नुसतं बघा.

पाणी हलतंय.

गाडी उभी आहे, तरी पाणी हलतंय. काठाशी एक बारीक वलय उठतं, आत येतं, मधोमध विरतं. मग दुसरं उठतं.

त्याच्याकडे बघत राहा. घाई नको.

श्वास आत येऊ द्या. श्वास बाहेर जाऊ द्या.

पुढून टिक टिक ऐकू येते. दिवसभर तापलेलं लोखंड गार होतंय, आक्रसतंय. आधी ते भराभर वाजतं. मग दोन आवाजांच्या मधे जागा पडू लागते.

त्या जागेत थांबा.

अंग अजून चालतंय ना? डोळे मिटले की पांढऱ्या पट्ट्या धावतात, सीट सरकते आहे असं वाटतं. वाटू द्या. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या इवल्या नलिका असतात, त्यांतही द्रव असतो, या तांब्यातल्या पाण्यासारखाच हलणारा. सकाळपासूनचं प्रत्येक वळण त्यांनी मेंदूला कळवलं. मेंदूने हलण्याची सवय करून घेतली. ती सुटायला वेळ लागतो.

तुमचं काही बिघडलेलं नाही.

पुन्हा पाण्याकडे या.

दिवस येईल तसा येऊ द्या. मुद्दाम आठवू नका.

नीरा ओलांडली की सातारा जिल्हा, आणि शिरवळ येतं.  मग खंबाटकीचा घाट, पुढे कण्हत चढणारा ट्रक, त्याच्या मागे तुम्ही. त्या चढावर मांड्या आवळल्या होत्या. अजून आवळलेल्या आहेत का, बघा.

असतील तर सोडा.

साताऱ्याशी उजव्या हाताला अजिंक्यतारा येतो आणि मागे जातो. पुढे सहापदरीकरणाची कामं, वळणरस्ते, धूळ, अचानक अंगावर येणारे बॅरिकेड. तिथे दात दातांवर बसले होते. अजून तसेच आहेत का, बघा.

जबडा सैल सोडा. जीभ तोंडात मोकळी पडू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

आणि आता कृष्णा येऊ द्या.

भुईंजला तुम्ही तिच्यावरून आलात. चाकांचा आवाज क्षणभर पोकळ झाला, एवढाच तो पूल. मग ती डावीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. कराडला कोयना ओलांडलीत. या दोघी महाबळेश्वरच्याच. वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि कराडला प्रीतिसंगमावर अगदी समोरासमोर येऊन भेटतात. नद्या बहुधा कडेकडेने येऊन मिळतात. या तोंडासमोर तोंड करून मिळतात.

तिथून पुढे एकच पाणी. उसाच्या पलीकडे, तुमच्या डाव्या हाताला, तुम्ही चाललात त्याच दिशेला.

मला ही गोष्ट फार जवळची वाटते. दिवसभर आपण टोलनाके मोजतो, मिनिटं मोजतो, आणि एक नदी आपल्या सोबत चाललेली असते. ती आपल्याला दिसत नाही, पण असते.

आत्ताही असेल. अंधारात, मागच्या शेतांच्या पलीकडे.

कान द्या. ऐकू येणार नाही. तरी कान द्या.

रस्त्यावरून ट्रॅक्टर येतोय. आधी गाणं ऐकू येतं, मग इंजिन, मग उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. आवार हलतं. तांब्यातलं पाणी शहारतं.

रागावू नका. बघा, ते पाणी कसं शहारतं आणि आपलं आपण परत शांत होतं. त्याला कुणी समजावत नाही.

ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्या आहेत. त्यांतला ऊस तोडणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बीडकडून येतात. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, पोरं, शेळी, सगळा संसार. तोही चाकांवरचा संसार, हौसेचा नव्हे. याच अंधारात फडाकडेच्या कोपीत कुणी बाई आत्ता चूल विझवून पाठ टेकत असेल. पहाटे तिला पुन्हा उठायचं आहे.

तिच्या पाठीला आराम पडो, असं मनात म्हणा. एकदा पुरे. मनापासून म्हणा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता आपल्या मुक्कामाकडे परत या. राज्याने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाडीइतकाच गाडीच्या मुक्कामाच्या जागेचाही विचार आहे. ते मला पटतं. मुक्काम म्हणजे वाया गेलेला प्रवास नव्हे.

तेव्हा मुक्काम करा. इथेच.

टाचा जमिनीला लागू द्या. खांदे कानांपासून खाली येऊ द्या. थकवा आत्ता कुठे येऊन पोचतोय. रस्त्यावर त्याला यायला जागाच नव्हती. आला आहे, तर बसू द्या त्याला.

टिक टिक थांबली आहे का?

पाण्यात दिवा दिसतोय का? तुटक दिसत असेल, तर अजून थोडं बसा. अख्खा दिसू लागला की तांब्या उचला आणि सावकाश प्या. घोट घशातून उतरताना जाणवू द्या. पोटात गार लागेपर्यंत दुसरा घेऊ नका.

आता स्टिअरिंगमागे होता त्या माणसाकडे बघा. तो बोलत नसेल. त्याच्यासाठी तांब्या पुन्हा भरा आणि त्याच्या हातात द्या. त्याला अंथरूण घालून द्या, जेवणाची भांडी तुम्ही विसळा.

उद्या सांगलीला कृष्णा पुन्हा लागेल. पुलावर जाण्याआधी कडेला थांबा आणि तिला नीट बघा. पण त्याआधी, किल्ली फिरवण्याआधी, गाडी चालवणाऱ्याला विचारा, झोप पुरली का. नसेल पुरली, तर निघू नका.